तिसरी पिन

"माझ्या हाताखाली आजवर एकही अपघात झालेला नाही," असं हिंमतराव दिवसातून निदान एकदा म्हणायचेच. ऐकायला दुसरं कुणी नसलं की सुंदराबाईंना म्हणायचे. सुंदराबाई कणीक मळत असल्या तर मळता मळता उत्तर द्यायच्या, "आपलं लग्न धरलं नाही, तर खरंच नाही."

पण हिंमतराव खोटं बोलत नव्हते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, स्फोटकं भरण्याच्या विभागात, त्यांनी उभी नोकरी काढली होती. तिथे चपलेतला एक खिळा फरशीवर घासला, तरी छप्पर जागेवर राहील याची खात्री नसायची. म्हणून आत जाणाऱ्याने वहाणा बाहेर काढायच्या, कपडे सुतीच घालायचे, फरशी ओलसर ठेवायची आणि दारातल्या तांब्याच्या पत्र्यावर हात टेकवून अंगातली वीज जमिनीत सोडायची. माणसाच्या अंगात वीज साठते, नायलॉनचा शर्ट घालून वावरलं की जास्तच साठते आणि तिची एक ठिणगी पुरते, हे हिंमतरावांना पाढ्यांसारखं पाठ होतं. तारा, बटणं, मोटारी हे खातं मात्र दुसऱ्यांचं. "वीज त्यांच्याकडे, शिस्त आमच्याकडे," असं ते अभिमानाने सांगायचे.

निवृत्त झाले आणि पंचाईत झाली. शिस्त शिल्लक होती, लावायला जागा नव्हती. सकाळी उठून ते गॅसची नळी हुंगायचे. मग शेजारच्यांची नळी हुंगायला जायचे. कोपऱ्यावरच्या भेळवाल्याला कंदील कुठे टांगावा ते सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी तो तिथेच टांगलाय का ते पाहायला जायचे. खुर्चीत बसले तर पाय हलायचे, पाय धरून ठेवले तर बोटं हलायची. वर्तमानपत्र ते उभ्यानेच वाचत.

अशा घरात कॉम्प्युटर आला.

नव्याण्णव सालचा उन्हाळा. नवं शतक लागताना जगातले कॉम्प्युटर तारखांचा घोळ घालणार होते आणि त्यांना वेळेवर समजूत घालायला हिंमतरावांच्या मुलाला, दिग्विजयला, त्याच्या कंपनीने अमेरिकेत धाडलं होतं. मागे राहिली सून प्रियदर्शनी आणि सहा वर्षांची सोनू. प्रियदर्शनी माहेरची अमरावतीची, कॉम्प्युटर शिकलेली. तिथल्या एका शाळेने तिला शिक्षिकेची जागा देऊ केली होती आणि तिचे वडील दर रविवारी फोन करून "केव्हा निघतेस?" एवढंच विचारत होते.

"बाबा, मी सुट्टीत घरीच मुलांचा कॉम्प्युटर क्लास काढून बघते," ती एक दिवस सासऱ्यांना म्हणाली. "चालला तर इथेच राहीन. नाहीतर जूनमध्ये सोनूचं नाव अमरावतीच्या शाळेत घालावं लागेल."

हिंमतरावांचे हलणारे पाय थांबले. कारखान्याच्या गोष्टी ऐकताना "मग पुढे काय झालं?" असं विचारणारी सोनू ही घरातली एकटीच व्यक्ती होती. पुढे काहीच झालेलं नसायचं, कारण त्यांच्या हाताखाली अपघात होत नसे. पण तरी ती विचारायची.

"चालणार क्लास," ते म्हणाले. "तू शिकव. सुरक्षा माझ्याकडे."

बाहेरच्या खोलीत टेबल मांडलं, कॉम्प्युटर ठेवला, आणि तिथेच गाडं अडलं. कॉम्प्युटरच्या केबलच्या टोकाला तीन जाड पिना होत्या. भिंतीवरच्या बोर्डाला रेडिओच्या काळातली दोनच भोकं. हिंमतराव तडक बाजारात गेले.

"तीनाचं दोन करणारं काही आहे का?"

दुकानदाराने मान वर न करता काउंटरवर एक पांढरा ठोकळा ठेवला. समोरून तीन भोकं, मागून दोन पिना. "कन्व्हर्टर म्हणतात. कशाला लावणार?"

"कॉम्प्युटरला."

"विचार करून लावा."

"मी दारूगोळा कारखान्यात होतो."

"मग राहू द्या विचार," दुकानदार म्हणाला आणि ठोकळा कागदात बांधला.

ठोकळा भिंतीत गेला, केबल ठोकळ्यात गेली, कॉम्प्युटरने सूर काढला. सुंदराबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच त्याच्या पाठीवरची धूळ पुसायला ओलं फडकं घेतलं आणि हात झटकन मागे ओढला.

"अहो, हे चावतंय."

"कॉम्प्युटर चावत नाही."

"मग तुम्ही लावून बघा."

हिंमतरावांनी पाठीमागच्या उघड्या पत्र्यावर पंजा ठेवला. काही नाही. टाचांना भेगा असल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना घरातसुद्धा रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट घालायला सांगितले होते. ते बूट पायात होते. पण त्या घडीला पायांकडे बघायचं त्यांना काही कारण नव्हतं.

"मला कसा चावत नाही?"

"तुमचं बोलणं ऐकलं असेल त्याने. भ्यायला असेल."

कॉम्प्युटरबरोबर एक पुस्तिका आली होती. हिंमतरावांनी ती उभ्याउभ्या चाळली. त्यातलं एकच पान त्यांना कळलं, पण ते असं कळलं की त्यांचे डोळे चमकले. माणसाच्या अंगात साठलेल्या विजेने यंत्राचे भाग बिघडू शकतात, असं त्यात लिहिलं होतं. जुना शत्रू. वेष बदलून घरात शिरलेला.

"तुझ्या अंगात वीज साठलीय," त्यांनी पत्नीला सांगितलं. "साडी नायलॉनची आहे ना?"

झालं, नायलॉनच्या साड्या बंद. त्या खोलीत अनवाणीच जायचं. क्लासच्या आधी फरशी ओल्या फडक्याने पुसायची. हे सगळं अमलात आलं आणि कॉम्प्युटर जास्तच चावायला लागला. प्रियदर्शनीने मागची वायर घट्ट करायला हात घातला आणि हात झाडतच उभी राहिली.

"काऊन हो बाबा? माझा ड्रेस तर सुती आहे."

"केस कशाने विंचरलेस?"

"कंगव्याने."

"प्लास्टिकच्या?"

संध्याकाळी घरात लाकडी फणी आली. प्रियदर्शनीने मात्र कॉम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत फोन लावला. तिकडचा मुलगा घाईत होता. "मॅडम, अर्थिंग चेक करा," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

"अर्थिंग," हिंमतराव टाळी वाजवून म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

देवघरातलं ताम्हण टेबलाच्या कडेला स्क्रूने बसलं. ताम्हणाला तार, तार खिडकीतून बाहेर, बाहेर नळाचा लोखंडी पाइप आणि पाइप थेट जमिनीत. कारखान्यातसुद्धा इतकं सुबक काम नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाने डावा हात ताम्हणावर ठेवायचा, उजवा कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावायचा आणि अंगातली सगळी वीज सोडून मगच बसायचं.

"आणि देवाला आंघोळ कशात घालू? बादलीत?" सुंदराबाईंनी विचारलं.

"क्लास चालला तर चांदीचं आणू."

रविवारी सकाळी आईबापांना क्लास दाखवायचा होता. त्या दिवशी नावं नोंदली गेली तर क्लास, नाहीतर अमरावती. हिंमतराव पहाटेपासून घर ते फाटक अशा येरझाऱ्या घालत होते. दारावर त्यांनी पाटी लावली होती: 'पादत्राणे बाहेर काढावीत. सर्वांनी.' 'सर्वांनी'च्या खाली दोन रेघा होत्या. फरशी त्यांनी एकदा पुसून घेतली, मग मन भरेना म्हणून पुन्हा पुसून घेतली.

पहिले आले कॅन्टोन्मेंट कचेरीतले बद्रीनाथराव, मुलीला, शेफालीला, घेऊन. दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय न घेणारा हा माणूस. मग कळसगावच्या मैनाबाई आल्या, रणजित नावाचं त्यांचं वादळ सोबत घेऊन. जमिनीवर इमारती उठल्या तरी मैनाबाईंनी मागे गोठा ठेवला होता. त्यांच्यामागून आणखी चारदोन आया आल्या. सगळे अनवाणी, ओल्या फरशीवर, अंग चोरून उभे राहिले. रांगेतल्या पोरांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत कॉम्प्युटर.

प्रियदर्शनीने पडद्यावर लाल घर काढून दाखवलं, त्याला हिरवं छप्पर केलं, मग एका बोटाच्या टिचकीने सगळं पुसून टाकलं. आयांच्या तोंडून कौतुकाचा सुस्कारा निघाला. इथे थांबलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

"आता सुरक्षा," हिंमतराव पुढे झाले. "ये रे बाळ. हा हात ताम्हणावर. शाबास. आता हा मागे पत्र्याला लाव."

रणजितने हात लावला आणि बेडकासारखा उडाला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं.

"परत," तो म्हणाला.

"काय झालं रं?" मैनाबाईंनी विचारलं.

"आई, हातात मुंग्या नाचत्यात. लय भारी हाय. परत एकदा लावू द्या की."

मग काय विचारता. पोरांची रांग मोडली आणि ताम्हणाभोवती झुंबड उडाली. हात लावायचा, किंचाळायचं, धावत मागे जाऊन पुन्हा नंबर लावायचा. कुणीतरी शक्कल काढली की सगळ्यांनी हात धरायचे, एका टोकाने ताम्हण, दुसऱ्या टोकाने कॉम्प्युटर. लाल घराकडे आता कुणी बघतही नव्हतं. मैनाबाईंनी खात्री करायला स्वतः बोट लावलं आणि "आगं बया" म्हणत पदर सावरला.

बद्रीनाथराव थंडपणे बघत होते. "हिंमतराव, फीमध्ये विजेचं बिल धरलंय, की ते वेगळं?"

"अहो, ही पोरांच्या अंगातली वीज आहे. बाहेर पडतेय."

"आमच्या मुलीच्या अंगात होती ती असू दे तिच्याकडे. चल गं शेफाली."

दारातल्या चपला हलू लागल्या. प्रियदर्शनीने माऊस हातातून खाली ठेवला. स्वयंपाकघराच्या दारातून सोनूचा आवाज आला, "आई, आता आपण अमरावतीला जायचं का?"

हिंमतराव कॉम्प्युटरपाशी धावले.

"थांबा," ते म्हणाले. "मशीनमध्ये दोष असता तर मलाही बसला असता. बघा." त्यांनी ताम्हणाला न शिवता पंजा थेट पत्र्याला लावला. काही नाही. "बघितलंत? माझ्या अंगात वीज साठत नाही. शिस्तीचं शरीर आहे."

बद्रीनाथरावांची नजर पाटीवरून हिंमतरावांच्या पायांवर उतरली. "'सर्वांनी' लिहिलंय. खाली रेघा आहेत. दोन."

"मला डॉक्टरांनी..."

"पाटीवर डॉक्टरांचं काही नाही."

हिंमतराव खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट काढले आणि भेगाळलेले पाय ओल्या फरशीवर टेकवले. हात पुन्हा थेट पत्र्याला.

मुंग्यांची एक अख्खी पलटण त्यांच्या बोटांतून शिरली, कोपरापर्यंत संचलन करत गेली आणि तिथे सलामी देऊन परत फिरली. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो कारखान्यातल्या कुणी कधी ऐकला नव्हता.

रणजित टाळ्या पिटायला लागला.

"केस विंचरले होते का?" सुंदराबाईंनी विचारलं. हिंमतरावांच्या डोक्यावर विंचरण्याजोगं काही उरल्याला बरीच वर्षं झाली होती.

पण हिंमतरावांनी ते ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा हात लावला. पुन्हा पलटण. आणखी एकदा लावला. आणखी पलटण. अंगात साठलेली वीज एकदा सांडली की संपते, हे त्यांना जन्मभर माहीत होतं. ही संपत नव्हती. म्हणजे ही साठलेली नव्हती. ही येत होती. कुठून तरी सारखी येत होती.

"सगळे मागे सरा," ते वेगळ्याच आवाजात म्हणाले. "कोरड्या जागी. कशाला हात लावायचा नाही."

त्यांनी बूट चढवले, कॉम्प्युटर बंद करायला लावला, भिंतीवरचं बटण बंद केलं. मग मशीनच्या पाठीपासून केबल धरून, नदीचा उगम शोधत निघावं तसे ते भिंतीपर्यंत गेले. पांढरा ठोकळा बाहेर उपसला. समोरून पाहिला. मागून पाहिला. पुन्हा समोरून पाहिला. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या अंगातला एकही अवयव हलत नव्हता. सुंदराबाई घाबरल्याच.

मग ते पोरांसमोर मांडी घालून बसले.

"शेफाली, केबलला पिना किती?"

"तीन."

"या ठोकळ्यात समोरून जातात किती?"

"तीन."

"आता मागे बघ. बाहेर पडतात किती?"

शेफालीने ठोकळा उलटा केला. "दोनच."

"मग तिसरी गेली कुठे?"

"आतच अडकली," रणजित म्हणाला.

"बरोबर. तीन जण बोगद्यात शिरले, दोघंच बाहेर आले आणि मी स्टेशनमास्तर, मला पत्ता नाही." हिंमतरावांनी केबल पुढे धरली. "या दोन लहान पिना आहेत ना, त्यांच्यातून वीज येते आणि परत जाते. कामाच्या त्या दोघी. ही तिसरी, लांब आणि जाड, नुसती उभी असते. काम काही करत नाही. पण पत्र्यावर चुकून वीज उतरली, तर तिला धरून मुकाट्याने जमिनीत नेऊन सोडते. तीच आपण इथे अडवून ठेवली. मग पत्र्यावरची वीज जमिनीत कुठून गेली?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. फरशी ओली, पाय उघडे, हात ताम्हणावर, ताम्हणाची तार नळाला.

"आमच्यातून," शेफाली हळूच म्हणाली.

"हो," हिंमतराव म्हणाले. "मशीनला अर्थिंग नव्हतं आणि माणसांना होतं. मी तुम्हालाच तिसरी पिन केलं होतं." त्यांनी शेफालीच्या हातातून ठोकळा घेतला. "आज मुंग्यांवर भागलं. आत एखादी तार सुटून पत्र्याला टेकली असती, तर मुंग्यांवर भागलं नसतं. म्हणून जिथे तीन पिना दिल्यात तिथे तीनच लावायच्या. एक वाचवायची नाही. आणि विजेच्या वस्तूला ओल्या हाताने, ओल्या पायाने शिवायचं नाही. कुणी शहाण्याने सांगितलं तरी नाही."

मैनाबाई पुढे सरकल्या. "आवं तात्या, आमच्या गोठ्यातली कडबाकुट्टी बी आशीच मुंग्या आणती. तिला बी तिसरी पिन आसंल व्हय?"

"आधी जाऊन बटण बंद करा," हिंमतराव म्हणाले. "मग बघू."

घरात तीन भोकांची जागा एकच होती, स्वयंपाकघरात, फ्रिजची. पण तीन भोकं दिसली म्हणून हिंमतराव आता भुलणार नव्हते. तिसऱ्या भोकामागे तार आहे का, ती जाते कुठे, हे बघायला ते परसात गेले आणि सगळी पोरं त्यांच्यामागे. फ्रिज घेतला तेव्हा वायरमनने टाकलेली तार भिंतीवरून उतरून खरोखरच जमिनीत गेली होती. पोरांनी ती जागा वाकून पाहिली.

"दोन्ही एकाच ठिकाणी लावा ना," सुंदराबाई म्हणाल्या. "तसला तीनतोंडी ठोकळा मिळतो."

"नाही. फ्रिजचा भार मोठा असतो. एका ठोकळ्यावर दोघांना बसवायचं नाही."

फ्रिज बंद झाला, डबे सरकले, कॉम्प्युटर ओट्याशेजारी आला. खोक्यात पडलेला टेस्टर, ज्याने आजवर फक्त रंगाचे डबे उघडले होते, हिंमतरावांनी शोधून काढला. आधी त्यांनी तो फ्रिजच्याच जागेत धरून दिवा लागतो ना ते पाहिलं आणि मग कॉम्प्युटरच्या पत्र्याला टेकवला. दिवा लागला नाही. मग बूट काढून, कोरड्या फरशीवर उभं राहून हात लावला. पलटण आली नाही.

पोरांचे चेहरे उतरले. "काका, बिघडला का हो?" रणजितने विचारलं.

आया कुजबुजत होत्या. बद्रीनाथराव चपला घालत होते. "उद्या सांगतो," एवढंच म्हणून ते गेले, आणि त्यांचं बघून बाकीच्याही "उद्या" म्हणून गेल्या. दुपारी अमरावतीचा फोन आला. प्रियदर्शनी म्हणाली, "अण्णा, अजून ठरलं नाही." हिंमतरावांनी त्या दिवशी वर्तमानपत्र उभ्याने घेतलं आणि उलटं धरून वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रीनाथराव दारात उभे. हातात पिशवी. त्यांनी ती टेबलावर उलटी केली. त्यातून पांढऱ्या ठोकळ्यांचा ढीग पडला.

"इस्त्रीला, मिक्सरला, पाणी तापवायच्या कांडीला," ते म्हणाले. "मुलीने काल घरभर फिरून सगळे उपसले. चहासुद्धा होऊ दिला नाही. तिसरी पिन म्हणजे काय, हे मला, माझ्या आईला आणि वरच्या मजल्यावर समजावून आली." त्यांनी घसा साफ केला. "तिचं नाव लिहा. अट एकच. शिकवणार त्या मॅडम. हिंमतरावांनी कशालाही हात लावायचा नाही."

दुसरी कुठली वेळ असती तर या अटीवर खडकी हादरली असती. हिंमतरावांनी सोनूकडे बघितलं. "कबूल," ते म्हणाले.

बद्रीनाथरावांनी नाव घातलंय म्हटल्यावर बाकीच्यांनी दुधाची पिशवी उजेडात धरायची गरजच उरली नाही. रणजित आला, गल्लीतले आले, कळसगावचे आले. बाहेरच्या खोलीत नवी वायर आणि नवं अर्थिंग टाकायला वायरमन लग्नसराई संपल्यावर येणार होता. ती कधी संपेल हे तो सांगत नव्हता. तोवर क्लास स्वयंपाकघरात, फ्रिजच्या जागेवर. क्लास चालू तर फ्रिज बंद. आणि आंबे, दही, थंड पाण्याच्या बाटल्या यांच्यासाठी मुलं सारखी फ्रिज उघडून आतली उरलीसुरली थंडी बाहेर सोडणार, हे उघडच होतं. तेव्हा एक जबाबदारीचं पद निर्माण करावं लागलं.

पुढच्या रविवारी अमरावतीचा फोन आला तेव्हा क्लास रंगात होता. प्रियदर्शनीने खांद्यावर रिसीव्हर धरला.

"नाही अण्णा, येत नाही आता. बॅच भरली. सोनूचं नाव इथल्याच शाळेत घालतोय... हो, सासूबाई मजेत... बाबा? बरे आहेत. इथेच आहेत, फ्रिजला पाठ लावून उभे आहेत... नाही हो अण्णा, डॉक्टरला कशाला दाखवायचं? मीच उभं केलंय."